ढगातली फरशी

घरच्या मालकिणीस,

नव्या हॉटेलच्या शेवटच्या मजल्यावर बसलोय. खिडकीला ढग टेकलेत, खालचं शहर स्वप्नात पाहिल्यासारखं पुसट दिसतंय. माझी माणसं म्हणतात, "शेठ, इथं डोळा लागला तर तरंगत घरी पोहोचू!"

तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

फरशी बसली की मी लाकडी दांडक्यानं एकेक ठोकून ऐकतो. खाली पोकळी राहिली असेल तर आवाजच सांगतो. मग ती उखडून पुन्हा बसवायची.

काल तू म्हणालीस, "इकडे सगळं छान आहे, तुम्ही काम उरका." आवाज त्या पोकळ फरशीसारखाच आला गं. फोनवर विचारलं तर पुन्हा तेच म्हणशील, म्हणून लिहितोय. हॉटेल काही पळून जात नाही. ढगातून उतरून रविवारी दारात उभा राहतो.

तुझाच,
फरशीवाला