बोटीवर पैशांचा चोख बंदोबस्त

१० जानेवारी

क्रूझचं नक्की झालं. विमानानं सिंगापूर, तिथून बोट. मी, कौशल्या, तिची धाकटी बहीण प्रणिता आणि प्रणिताचे यजमान गुरुप्रसाद, म्हणजे माझे साडू. बँगलोरमध्येच, येलहंक्याला राहतात. मागच्या वर्षी या गृहस्थाला कुणीतरी मेसेज पाठवला की आज रात्री तुमची वीज तोडणार, आणि यानं घाबरून लिंक दाबली. चाळीस हजार गेले. असा माणूस आता परदेशात पाकीट घेऊन फिरणार. देव त्या बोटीचं रक्षण करो.

मी पीण्या इंडस्ट्रियल एरियात तीस वर्षं वर्कशॉप चालवलं. मला आजवर कुणी एका रुपयाला फसवलेलं नाही. (तो होसूरचा माणूस धरायचा नाही. तो गावच सोडून गेला.)

संकल्प: ट्रिपमधला पैशांचा सगळा बंदोबस्त मी बघणार. साडूला काही विचारायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही.

१२ जानेवारी

बँकेत जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, परदेशी जाताय तर कार्डाचं इंटरनॅशनल चालू करून देते सर. मी म्हटलं, म्हणजे चोरांसाठी दार उघडं ठेवून झोपू का? गरज पडली तर ॲपवरून मी स्वतः चालू करीन.

ॲपला ओटीपी लागतो. ओटीपी येतो माझ्या जुन्या नंबरावर. तो फोन परदेशात न्यायचा म्हणजे तिजोरीची किल्ली खिशात घालून जत्रेत फिरायचं. म्हणून तो फोन घरीच राहणार, अक्काच्या ताब्यात. चंपाक्का माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते. स्वभावानं कडक, टेक्निकलमध्ये शून्य.

कौशल्या म्हणाली, इतकं कशाला, एक कार्ड चालू करून टाका ना. बायकांना सिक्युरिटी कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारणी एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तीळगूळ, घेऊन येत होत्या, अक्काचं लक्ष सगळं ताटाकडे. तरी ट्रेनिंग दिलं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही, हल्ली मशीनवर कुणाचाही आवाज काढतात. परदेशात अडकलोय म्हणाला तर नक्की चोर. घरातल्या खासगी गोष्टी सांगितल्या तर पट्टीचा चोर. नंबर अनोळखी दिसला की आधी संशय.

अक्का म्हणाली, आणि तूच फोन केलास तर? मला हसू आलं. मी कशाला करीन? बंदोबस्त म्हणतात तो यालाच.

मग परीक्षा. बाल्कनीत जाऊन कौशल्याच्या फोनवरून आवाज बदलून फोन लावला. अक्कानं आकडे सांगून टाकले. असा चिडलो की विचारू नये. म्हटलं, तू आणि गुरुप्रसाद एकाच माळेचे मणी. अक्का जेवली नाही. संध्याकाळी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा तिनं मला आईवरून शिवी दिली. आई आमची एकच, पण उत्तर बरोबर होतं. पास केली. त्या फोनवर कॉल रेकॉर्डिंगही चालू करून ठेवलं, पुरावा असावा.

१७ जानेवारी, बोटीवर

बोट मोठी आहे. माणसं फालतू आहेत.

चढायच्या आधी काउंटरवर सगळ्यांना कार्ड मागतात, बोटीवरचा खर्च त्याला लावायला. लोक मेंढरांसारखे काढून देत होते. साडूनं तर कागद न वाचता सही केली. मी रोख डॉलर डिपॉझिट भरले, मोजकेच. काउंटरवाली म्हणाली, पुरतील ना सर? मी म्हटलं, मॅडम, मी बँगलोरचा आहे, उधळ्या नाही. त्या पैशांवर बोटीचं एक कार्ड दिलं. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट. दुकानात, हॉटेलात टेकवायचं की झालं.

शिवाय कमरेच्या पट्ट्यात रुपये आहेत, भरपूर. आपला रुपया आता जगात सगळीकडे चालतो.

१८ जानेवारी

जेवण तिकिटात आहे. तरी साडू विकतची कॉफी पितो. वर आमच्यासाठीही आणतो. मी प्यायलो, पण तोंडावर नापसंती ठेवली.

बोटीवरचे लोक तुमचे फोटो काढतात आणि तुम्हालाच विकतात. कौशल्याला एक हवा होता. म्हटलं, तुझा चेहरा तुला फुकट आरशात दिसतो. तेव्हापासून ती प्रणिताबरोबर फिरते आहे.

संध्याकाळी जाहीर केलं: २० तारखेला आमच्या लग्नाचा वाढदिवस, त्या रात्री वरच्या डेकवरच्या स्पेशल हॉटेलात चौघांचं जेवण माझ्याकडून. तिथे वेगळे पैसे पडतात. पडू देत. दिलदार कोण आणि लिंक दाबणारा कोण, हे प्रणिताच्या माहेरी एकदा कळलं पाहिजे. कौशल्याचा चेहरा एकदम उजळला. विचारलं, खरंच ना हो? म्हटलं, मी शब्द दिला की दिला.

१९ जानेवारी

लूट!

डिपॉझिट निम्म्याहून जास्त संपलं. मी काही घेतलेलं नाही. काउंटरवर जाऊन भांडलो. तर म्हणे, रोजची टिप आपोआप कापली जाते, माणशी. मी म्हटलं, आमच्याकडे टिप काम बघून देतात, माणूस बघून नाही. ती मुलगी हसली. पगारी हसू. म्हणाली, चढताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं. असले कागद कोण वाचतं?

पट्ट्यातले रुपये काढून ठेवले. घेत नाहीत. नोटा उलटून पाहिल्या आणि परत माझ्याकडे सरकवल्या. मागे रांगेत एक दिल्लीवाला खिदळला. त्याला योग्य वेळी बघून घेईन.

चिंता नाही. उद्या माझं कार्ड देतो. इंटरनॅशनल चालू करायला कितीसा वेळ लागतो.

२० जानेवारी, दुपार

बोटीचं नेट विकत घ्यावं लागलं. उरलंसुरलं डिपॉझिट त्यात गेलं. ॲप उघडलं. ॲप म्हणालं, ओटीपी पाठवला आहे.

ओटीपी घरी, जयनगरला पोचला. मी समुद्रात.

काउंटरवरच्या फोनवरून अक्काला फोन लावला. कोण म्हणून विचारलं. म्हटलं मी विठू. बरं म्हणाली, आवाजात माया होती. ओटीपी म्हटल्याबरोबर फोन आपटला.

पुन्हा लावला. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं की मी बोटीवर आहे आणि अडकलो आहे. अक्का म्हणाली, वाटलंच, परदेशात अडकलेलेच तुम्ही सगळे. ओळख पटवायला मी लहानपणची गोष्ट सांगितली, तिनं मला चिंचेच्या झाडावरून ढकललं होतं ती. अक्का म्हणाली, पट्टीचा दिसतोस. कौशल्याला फोन दिला, तर अक्का म्हणाली, अरे वा, आता बाईपण ठेवली का जोडीला?

तिसऱ्यांदा लावला. विनंती करून पाहिली. त्यावर अक्कानं ठणकावून सांगितलं की माझा भाऊ जन्मात कुणाला प्लीज म्हणालेला नाही, मुडदा बसवला तुझा, आत्ता पोलिसांत देते. माझ्या स्वभावाची ही एवढीच नोंद तिनं घेतली आहे तर. ट्रेनिंग मात्र पक्कं झालंय. त्याचं श्रेय कुणी मला देणार नाही.

साडू शेजारी उभा होता, हातात कॉफी. काही बोलला नाही. या माणसाची हीच खोड, बोलायच्या वेळी बोलत नाही.

२० जानेवारी, रात्र

जेवायला गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? कौशल्यानं जांभळी साडी नेसली होती. दारावरच कार्ड टेकवायचं होतं. माझं टेकवलं, लाल दिवा. पुसून टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग. कौशल्या जमिनीकडे बघत राहिली.

साडूनं हात पुढे करून स्वतःचं टेकवलं. हिरवा. हॅपी ॲनिव्हर्सरी म्हणाला आणि आत गेला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात हरी मी आहे, हे लक्षात ठेवायचं.

जेवण बेचव. कौशल्या मात्र दोनदा मागून घेत होती.

२१ जानेवारी

बोट सोडताना कळलं, मी केलेले फोन फुकट नव्हते. समुद्रातला फोन उपग्रहावरून जातो म्हणे, आणि अक्का शिव्या देताना घाई करत नाही. तेही साडूनंच भरले. म्हटलं, बँगलोरला उतरताच पैसे पाठवतो. तो म्हणाला, सरी, बरं, सावकाश. हे सावकाश मला झोंबलं.

संकल्प: घरी पोचल्यावर चहाच्या आधी साडूचे पैसे.

२२ जानेवारी, जयनगर

चहा झाला. पैसे गेले नाहीत.

अक्कानं शब्द पाळला. पोलिसांत तक्रार दिली, मग बँकेला कळवलं. माझं कार्ड, ॲप, खातं, सगळं बंद. बँकेतली तीच मुलगी म्हणाली, अर्ज द्या सर, चौकशी होईल, पण तुमच्या सिस्टर ग्रेट आहेत हं.

अक्काला खरं सांगणार होतो. पण ती इतकी खुशीत होती, स्वतःहून शिरा करून वाढला. एवढ्या वयाच्या माणसाचं मन कशाला मोडा? मी थोर मनानं गप्प बसलो. कौशल्याला सांगितलं, तूही बोलायचं नाही. ती तोंडाला पदर लावून आत गेली. प्रवासाचा त्रास झाला असावा.

२५ जानेवारी, रविवार

क्रूझच्या गोष्टी ऐकायला नातेवाईक बोलावले होते. टीव्हीवर फोटो लावले. कुणी पाहिले नाहीत. सगळे अक्काभोवती. तिनं फोन आणला आणि चोराचं रेकॉर्डिंग लावलं, पहिल्यापासून.

हॉलमध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. हयवदनमामा म्हणाले, चोरालासुद्धा काही इज्जत असते, हा तर पाया पडतोय. कुणीतरी मला विचारलं, तुम्हाला यातलं कळतं, हे आवाज कसे काढतात हो? मी व्यवस्थित समजावलं: नेटवरून नमुना घेतात, मशीनमध्ये घालतात, वगैरे. मामा म्हणाले, पण विठोजी, तुझ्या आवाजातली जरब त्याला जमली नाही. मी म्हटलं, बरोबर, मशीनला जरब येत नाही. सगळ्यांना पटलं. विषय तिथे संपला होता.

कोपऱ्यात बसलेल्या साडूनं प्लेट खाली ठेवली. म्हणाला, अक्का, शेवटचं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा लावा, स्वल्प जोरात.

अक्कानं आवाज वाढवून लावलं. त्या दिवशी मी विनंती केली होती एवढंच मला आठवत होतं. रेकॉर्डिंगवर मी रडत होतो.