वाकलेल्या तबकड्या

२१ एप्रिल, जळगाव
डावा कान मागच्या उन्हाळ्यातच गेला. आज उजव्यात (यापुढे उ. का.) सकाळपासून शिट्टी. कुकर समजून दोनदा गॅस बंद करायला धावलो. कुकर चढवलेलाच नव्हता. अक्का आधी हसली, मग जवळ येऊन माझा कान बघू लागली. थोरली बहीण, हल्ली माझ्याकडेच असते, सगळं कळतं तिला.
इतकी वर्षं वरातीपुढे डीजे लावला. ज्या धंद्यानं घर चालवलं त्यानंच कान खाल्ला. स्पीकरचे डबे आता शेडमध्ये पडून आहेत. लग्नसराई ऐन भरात, फोन येतात. घेत नाही. घेतला तरी काय ऐकू येणार आहे म्हणा.

२४ एप्रिल
जर्मनीहून पार्सल निघालं!!
कॉलेजात एकानं कॅसेटवर भरून दिला होता हा टेक्नो अल्बम. गाणं नाही, शब्द नाहीत. एक ठोका आणि त्याच्याखाली काहीतरी हळूहळू सरकत राहतं. वरातीत वाजवलं त्याच्या बरोबर उलटं. कॅसेटची खरखर, मग मोबाइलवरची चिपाड झालेली कॉपी, एवढ्यावरच आजवर भागवलं. आता कंपनीनं मूळ टेपवरून साफ करून पुन्हा दोन तबकड्यांवर काढलाय, तोच मागवला.
एकदा नीट ऐकायचाय. कान आहे तोवर. बाकी देवाकडे काही मागणं नाही.

२९ एप्रिल
पार्सल मुंबईत अडकलं. कस्टम. फोनवर बाई काय म्हणाली ते कळलं नाही, अक्काच्या कानाला लावला. अक्का म्हणे, "ती म्हनी ऱ्हायनी, वाट दखा." एवढंच? एवढंच.
शिट्टी वाढलीय. गोळ्यांनी तोंड कडू.

४ मे
काही नाही. ऊन मी म्हणतंय. दाराशी मोटरसायकल थांबली की उठतो. म्हणजे अक्का उठते, तिच्याकडे बघून मी उठतो.

६ मे
पहाटेच्या एसटीनं धुळे. कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. बराच वेळ काहीच येईना. म्हटलं यांचं मशीन बिघडलं. मग काचेपलीकडच्या मुलीचा चेहरा दिसला.
डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दाखवलं. उजवाही चाललाय, थांबवायचा प्रयत्न करू, खात्री देत नाही. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पेन खाली ठेवलं.
येताना पारोळ्यापर्यंत रडलो. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली. घेतली.

६ मे, पुन्हा
एसटीतून उतरून घरी आलो तर हे.
मी धुळ्यात असताना पार्सल आलं. अक्कानं कूलरजवळ ठेवलं. कूलर गळतो, खोकं भिजलं. मग तिनं काय करावं? उघडलं, तबकड्या बाहेर काढल्या, गच्चीवर नेल्या आणि वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांशेजारी धोतरावर मांडल्या. दिवसभर.
"खोकं वलं व्हतं, म्हनीसन ऊन दखाडं," म्हणाली.
या घरात सगळ्यालाच ऊन दाखवतात. डाळी, गाद्या, मिरच्या, स्वेटर. साक्रीकडे सासरी तिनं हेच केलं जन्मभर. ओलं झालं की गच्ची. तिचं काय चुकलं? पण दोन्ही तबकड्या पापडासारख्या वर वळल्यात.
ओरडलो. माझाच आवाज मला ऐकू येईना म्हणून आणखी मोठ्यानं ओरडलो. शेजारचे बाहेर आले. अक्का बिबडे गोळा करत राहिली, अर्धवट वाळलेलेच.

७ मे
ती जेवली नाही. मीही नाही. दुसऱ्या मागवल्या तर? संपल्या म्हणतात. आल्या तरी कान थांबणार आहे का?

८ मे
रफिककडे गेलो. काचेचं दुकान आहे त्याचं, शाळेपासूनचा मित्र. तबकड्या बघून म्हणाला (वहीवर लिहून): "भाई, ये काम मैंने कभी किया नहीं. करके देखते हैं." दोन जाड काचांमध्ये दाबायची, उन्हात तापवायची, मग सावलीत गार होऊ द्यायची. ज्या उन्हानं बिघडवलं त्याच्याच पाया पडायचं.

१० मे
पहिली गेली. घाईनं काच मीच उचलली, गरम होती, हातातून सुटली. तबकडीला कडेपासून आतपर्यंत तडा. रफिक काहीतरी बोलला. काय ते माहीत नाही.
उरली एक.

१२ मे
दुसरीला रफिकनं मला हात लावू दिला नाही. "तू चाय पी." बरोबरच आहे त्याचं.
जवळजवळ सपाट झाली. किंचित डुलते.
उ. का. सकाळी पूर्ण बंद होता. दुपारी थोडा उघडला. घाबरलोय. फार घाबरलोय. आजच लावायला हवी होती, पण धीर होईना. आजच काही ऐकू आलं नाही तर मग कशाची वाट बघायची?

१४ मे
लावली.
शेडमधले दोन डबे आणि जुना रेकॉर्ड प्लेअर घरात आणला. अक्काला म्हटलं, तू बस. तिला हे संगीत म्हणजे पिठाची गिरणी, आजवर तसंच चिडवत आली. आज चिडवलं नाही. "तू बठ भाऊ, मी आठेच शे," म्हणाली, इथंच आहे म्हणून. ओठांवरून कळलं.
सुई टेकवली. आला! ठोका आला, अगदी स्वच्छ. खरखर नाही, काही नाही. डोळे मिटले. बोटं आपोआप गुडघ्यावर वाजायला लागली. देवा, काय आनंद झाला.
मग मनात पाल चुकचुकली. हा अल्बम मला तोंडपाठ आहे. मी ऐकतोय की आठवतोय?
अक्काला म्हटलं, तुला जसं ऐकू येतंय तसं माझ्या मनगटावर बोटानं वाजव. तिनं वाजवलं. तिचं आणि माझं जुळेना. तिचं मागे, माझं पुढे. म्हटलं तबकडी डुलतेय, सुई उडत असेल. अक्काचा ताल चुकला म्हणावं तर तिच्या सासरच्या गावात कानबाई देवीची गाणी तिच्याशिवाय उठत नाहीत.
डोळे उघडले. ती माझ्या गुडघ्यावरच्या बोटांकडे बघत होती. बघता बघता तिचं बोट माझ्या बोटांबरोबर पडायला लागलं. अगदी बरोबर. माझ्यासाठी.
मी तिचा हात धरला. म्हटलं, अक्का, खरं वाजतंय तेच वाजव.
तिनं बोट उचललं आणि तसंच अधांतरी धरून ठेवलं, ठोक्याची वाट बघावी तसं. सुई अजून निम्म्यातच होती. मला ठोका ऐकू येतच होता.