सोपटात बांधलेला प्रबंध

निर्मळ, ता. ११ मार्च १९५२

तीर्थरूप मधूमामांस विद्याधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे सारे खुशाल, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि आई दोघांच्या वाटचं बोलते.

मामा, मी इंग्रजीचा प्रोफेसर होणार म्हणजे होणारच. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतले विदूषक, या विषयावर चार वर्षं राबून तीनशे पानांचा प्रबंध लिहिला (हाताने, एकच प्रत). बाबांचं म्हणणं, मेलेल्या साहेबांचे विनोद वाचून केळीला लोंगर धरत नाही. प्रबंध या महिन्यात गेला तर जूनपासून कॉलेजात जागा, नाहीतर जूनपासून बागेत, असा आमचा करार आहे.

गेल्या सोमवारी प्रबंध मुंबईला सरांकडे आणि राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी आपल्याकडे धाडायची होती. आईने दोन्ही पुडकी केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात गुंडाळून केळीच्याच दोरीने बांधली. (मी जाड कागद आणतो म्हणालो, तर सोपटाला काय धाड भरलीय, म्हणाली.) रोज दादरला भाजी नेणाऱ्या सॅन्टनला कुठलं कुणाचं ते तीनदा बजावलं. आता विचारतो तर म्हणतो, "दोनी पुडक्यांना केळ्यांचाच वास, मी काय वलखनार?"

काल सरांचं पत्र आलं. खाऊ धाडून त्यांचं मत बदलत नसतं. मात्र राजेळी उत्तम होती, आणि आठ दिवसांत प्रबंध न आल्यास माझं नाव कमी होईल. खोटं कशाला सांगू, रडू आलं. पण हरलेलो नाही. वेळ पडली तर तीनशे पानं पुन्हा लिहीन, बागेचा रहाट ओढणार नाही.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
विद्याधर

ता. क. आपलं पुडकं न उघडता परत मागावं, म्हणूनच लिहायला बसलो होतो. तोच आपलं कार्ड आलं: सुकेळी पोचली, तशीच जयवंतीच्या सासरी गिरगावला धाडली. लेकीच्या सासरी दिलेलं परत मागणं वाईट दिसतं, कळतं मला. तरी उद्याच जा. बदल्यात द्यायला सुकेळी याच पत्रासोबत पाठवतोय (या वेळी चाखून पाहिली आहे).

पुन्हा ता. क. जयवंतीचे सासरे कोर्टात कारकून होते, हाती आलेला कागद ते वाचल्याशिवाय सोडत नसतील. वाचत असले तर मामा, ओढून घेऊ नका. हसले का, आणि कुठल्या पानावर, तेवढं बघून ठेवा. चार वर्षांत माझं लिखाण वाचणारे ते पहिलेच आहेत.