न पाहण्याचे आठ दिवस

२३ नोव्हेंबर १९६६, सातारा
आज सांगलीहून येऊन रुजू झालो. पदार्थविज्ञानाचा अधिव्याख्याता, वय सत्तावीस, आणि पहिलीच पक्की नोकरी! खोली शनिवार पेठेत, माडीवर. खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा. दोन घरं सोडून रंगुबाईंची खानावळ आहे, भाकरी गरम आणि ताक भरपूर.

प्रयोगशाळा पाहून मन खूश झालं. उपकरणं जुनी, पण लख्ख. ही सगळी निगा इथला शिपाई आकाराम बनसोडे ठेवतो. चाळिशी ओलांडलेला, सडसडीत, कमी बोलणारा. कोरेगावच्या अलीकडच्या एका गावाहून रोज एस.टी.नं येतो. त्यांच्या वस्तीनं दहा वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला, हे त्यानं नावापाठोपाठ स्वतःच सांगितलं. गॅल्व्हानोमीटरच्या काट्याखाली आरशाची पट्टी असते. काट्यानं आपलं प्रतिबिंब झाकलं की मगच आकडा वाचायचा, नाहीतर डोळा फसतो. बी.एस्सी.च्या पोरांना हे महिनाभर जमत नाही. आकारामला जमतं. त्यानं वाचलेला आकडा मी तपासला, अचूक होता.

२९ नोव्हेंबर
मधल्या सुटीत प्राध्यापकांच्या खोलीत वाद रंगतो. आप्पासाहेब निकम तत्त्वज्ञान शिकवतात, माझ्या दुप्पट वयाचे. त्यांचं म्हणणं, आपल्याला वस्तू कधीच भेटत नाही, भेटतं ते फक्त तिचं दिसणं. सगळ्यांना सारखं दिसतं म्हणून आपण त्याला खरं म्हणतो. मी म्हणालो, काटा तेवीसवर असेल तर तो तेवीसवरच असतो, खोलीत कुणी असो वा नसो. आप्पासाहेबांनी हसून विचारलं की, हे तुम्ही खोलीत न जाता कसं तपासणार?

तेवढ्यात चहा घेऊन आलेला आकाराम दाराशी थांबून म्हणाला, "सायेब, आमच्या आज्याकडं गावानं कवा डोळं भरून बघितलं न्हाई. समोरनं आला की तोंड फिरवायचे. पर आज्या हुता की."

मग आप्पासाहेब म्हणाले, गंगाधरपंत, तुमची बाजू शिपायानं राखली. सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला झोंबलं, हे इथं तरी लिहून ठेवतो.

३ डिसेंबर
मी एक प्रयोग सुचवला. आठ दिवस आम्ही सहा जणांनी आकारामला पाहायचं नाही. हाक मारायची नाही, उत्तर द्यायचं नाही. नवव्या दिवशी त्याला सगळं सांगायचं. त्याच्या असण्यात तसूभर फरक पडलेला नसेल आणि वाद मी जिंकलेला असेन.

आप्पासाहेब नको म्हणाले. खुर्चीवर करा, माणसावर करू नका, असं दोनदा म्हणाले. खुर्चीला कुणी पाहिलं काय, न पाहिलं काय, तिला ते कळत नाही, मग प्रयोगाला अर्थ काय, असं मी म्हणालो. बाकीच्यांना गंमत वाटली. शेवटी आप्पासाहेबही तयार झाले.

५ डिसेंबर
सुरुवात झाली. आकारामनं नमस्कार केला. मी खिडकीबाहेर पाहिलं. हसू आवरणं कठीण गेलं.

७ डिसेंबर
आज त्यानं मला एकट्याला गाठलं. "सायेब, माजं काय चुकलं का? चुकलं आसंल तर सांगा. असं नगा करू." आवाज हळू होता. मी वहीत आकडे लिहीत राहिलो. तो बराच वेळ उभा होता. मग त्यानं माझं टेबल पुसलं आणि गेला.

मी वर पाहायला हवं होतं. मनात आलंही. पण आठ दिवस म्हणजे आठ दिवस.

९ डिसेंबर
आता विद्यार्थीही त्याच्याकडे पाहत नाहीत. त्यांना आम्ही काहीही सांगितलेलं नाही. इतर पाच जणांना विचारलं, त्यांनीही नाही. मग पोरांना हे शिकवलं कुणी? आप्पासाहेब म्हणाले, शिकवावं लागत नाही, या गावांना ते येतं. मला खाली मान घालावी लागली.

१० डिसेंबर
जे झालं ते झालं तसंच लिहितो. मी काटा वाचत होतो. आकाराम आला आणि त्यानं तबकडीवर हात ठेवला. पूर्ण पंजा, काचेवर दाबून. मी बघावं म्हणून. मी बघितलं नाही. आकडा वाचला, तेवीस, आणि लिहिला.

जिना उतरताना लक्षात आलं. तबकडी झाकलेली होती. मी तेवीस वाचलं ते त्याच्या हाताच्या आरपार.

१३ डिसेंबर
आठ दिवस काल संपले. आज सकाळी सहाही जण प्रयोगशाळेत जमलो. मी मोठ्यानं हाक मारली. दहा हाका मारल्या. कुणी आलं नाही.

हजेरीपटावर त्याची आजची सही आहे. शाई ओली होती. उपकरणं पुसलेली. टेबलावर सहा कप चहा, वाफ निघत होती. सगळे चहाकडे बघत राहिले. आप्पासाहेब खुर्चीत बसले आणि डोळे मिटून म्हणाले की, तुम्ही वाद जिंकलात की हरलात ते मला आता ठाऊक नाही, पण हे पाप आहे.

ते पाप माझं आहे. त्यांनी दोनदा नको म्हटलं होतं.

१४ डिसेंबर
पाण्याचा माठ भरला गेला. मी समोर बसलो होतो. नुसता पाण्याचा आवाज. मी म्हणालो, आकाराम, मला माफ करा. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

१८ डिसेंबर, रविवार
दुपारी त्यांच्या गावी गेलो. वस्ती ओढ्यापलीकडे. घर सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांच्या पत्नी भामाबाई धान्य निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, आकाराम कुठे आहेत? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ह्ये काय, तुमच्या म्होरं बसल्यात."

समोर घोंगडी होती. घोंगडीवर कुणी नव्हतं. त्यांची मुलगी अंजना, सातआठ वर्षांची, आली आणि हवेत रेलून बसली. पडली नाही.

म्हणजे ते आहेत. घरच्यांना दिसतात. बिघाड आमच्या डोळ्यांत आहे. माझ्या डोळ्यांत.

मी सगळं कबूल केलं. वाद, प्रयोग, आठ दिवस. भामाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आता दिसत न्हाईत म्हून आलासा व्हय? दिसत हुते तवा काय केलंसा?" मग घोंगडीकडे कान देऊन त्या म्हणाल्या की, ते सांगताहेत, सायबांना म्हणावं मी हाय, त्यांच्या बघण्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

मी उठताना भामाबाईंनी माझा हात धरून घोंगडीकडे नेला. हाताखाली खांदा लागला. सदरा, हाड, ऊब. मी ओरडून हात मागे घेतला. तो मागे घ्यायला नको होता.

२० डिसेंबर
खानावळीत ताट आपोआप समोर आलं. रंगुबाईंचा आवाज आला, भाकरी वाढू का. रंगुबाई नव्हत्या. महिनाभर त्यांच्या हातचं जेवतोय. त्यांचं तोंड आठवून पाहिलं, आठवेना. कधी पाहिलंच नव्हतं.

२२ डिसेंबर
रस्ता झाडण्याचा आवाज. रस्त्यावर नुसता खराटा हलतो — टांगा येतो, वर कुणी नाही. आज वर्गात पहिल्या दोन रांगा भरलेल्या, मागच्या सगळ्या रिकाम्या. हजेरी घेतली. मागून हजर, हजर — मी वर्ग सोडून आलो.

२५ डिसेंबर, रविवार
गावच्या फाट्यावर बसून लिहितो आहे. एस.टी. अजून नाही. दुपारचे दोन. ऊन लख्ख.

सकाळी पुन्हा गेलो होतो. दार उघडं. आत कुणी दिसेना. आता अंजनाही नाही, भामाबाईही नाहीत. घोंगडीपाशी बसलो. हात पुढे केला. खांदा होता. या वेळी हात काढला नाही.

तासभर बोललो असेन. त्या दिवशी हसलो ते सांगितलं. झोंबलं ते सांगितलं. तेवीसचं सांगितलं. रडलो. खांदा हलत होता, श्वास लागत होता. मला वाटलं, ते ऐकताहेत. वाटलं, आता दिसतील —

मागून भामाबाईंचा आवाज आला. दारातून. "सायेब, कुणाशी बोलताय?"

मी म्हणालो, आकारामांशी.

त्या म्हणाल्या, "त्यांनी नोकरी सोडली. लोणंदला काम मिळालं. शुक्रवारीच ग्येले. घरात कुणी न्हाई, म्या आत्ता शेतावनं आले."

मी उठलो. चालत इथवर आलो. कुणी बरोबर आलेलं दिसलं नाही. दिसणार कसं. उजव्या हातानं लिहितो आहे. डावा हात अजून त्या खांद्यावर — सदरा, हाड, ऊब — काढायला जातो तर तो खांदा वळतो, माझ्याकडे तोंड करून —