नाव घेतलं तरच घंटी

४ फेब्रुवारी
चौथ्यांदा नोटिफिकेशनची चौकट उगवली, घंटी नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसतं माझं नाव. तेवढ्यात रजनी विचारत आली, देवघरातली घंटी कुठंय. रेकॉर्डिंगसाठी माझ्या माइकसमोर होती. आवाज अस्सल हवा.

५ फेब्रुवारी
वाजली. घरातल्या गप्पा आता माझ्या सर्व्हरवर. बायको-मुलीच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं. मी टर्मिनलवर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, अंगठ्यांची चित्रं नाहीत. बाकी लोणावळा सकाळी उठून एकमेकांना धुक्याचे फोटो पाठवतो. धुकं खिडकीतून दिसतं.
ओवीनं विचारलं, बाबा, तिघांसाठी सर्व्हर? बी.कॉम.वाल्यांना उत्तर देत नाही.

७ फेब्रुवारी
नियम सुचला. ज्या मेसेजमध्ये ‘त्र्यंबक’ असेल त्याचंच नोटिफिकेशन. उरलेली बडबड. मोबाइल बंद करून कपाटात. स्वतःला नावानिशी मेसेज धाडून पाहिला. देखणं काम.

११ फेब्रुवारी
एकदाही वाजली नाही. घराला शिस्त लागली.

१४ फेब्रुवारी
सोमवारी रजनीची वडगावला मुलाखत. मुख्याध्यापिकेची जागा. अशा जागेसाठी फार वर्षं थांबलीय. दुपारी दोनला. कुसगावच्या तिच्या शाळेतून मी गाडीनं नेणार. वेळ बदलली तर, असं ती दोनदा म्हणाली. मेसेज कर म्हटलं, स्क्रीनसमोरच असतो. लोक उगाच घाबरतात.

१६ फेब्रुवारी
इस्त्रीचा शर्ट घालून एकला शाळेच्या गेटवर. शिपाई म्हणाला, मॅडम कवाच गेल्या, पप्पूच्या दुधाच्या टेम्पोत. तुमी कुटं व्हता, सर?
मुलाखत अकरावर आणली होती. रजनी पोहोचेपर्यंत समिती उठली. जागा दुसऱ्या बाईंना.
घरी चॅट उघडली. अहो, वेळ बदलली. अहो, निघालात का. अहो, फोन का बंद. अहो. सगळे मेसेज वेळेवर पोहोचलेले. सर्व्हर निर्दोष. त्या वेळी मी शेजारच्या विंडोत घंटीची खरखर काढत होतो.
ओवी म्हणाली, बाबा, आईनं तुझं नाव आजवर उखाण्यातच घेतलंय. मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? वापरणाऱ्यांनी माहिती लपवली तर प्रोग्रॅम काय करणार.
रजनी जेवली नाही.

१७ फेब्रुवारी
नियमात ‘अहो’ घालणं ही तडजोड. त्यापेक्षा रजनीनं नावानं हाक मारावी, असं सुचवलं. काळ बदललाय, हेही सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. मग शांतपणे म्हणाली, त्र्यंबक, गाडीची किल्ली द्या. ओवी खोलीतून बाहेर येऊन उभी राहिली.
किल्ली दिली. मुद्दा पटला म्हणायचा.

१८ फेब्रुवारी
सकाळी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आल्या. लायसन्स जुनंय, सराव राहिलाय, असं रजनीनं त्यांना सांगितलं. ती स्टिअरिंगवर बसली. मी गेट उघडून धरलं.