निलंबित बॅकअप आणि आत्याचा डोळा

तीर्थस्वरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? फोन केला की काका 'सगळं उत्तम' म्हणून ठेवून देतात, म्हणून पत्राचा घाट घातला. (काका, पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवत असणार. कंस गाळू नका.)

आमच्या डोळ्यांच्या इस्पितळाचा डेटाबेस, म्हणजे पेशंटची नावं, नंबर, ऑपरेशनच्या तारखा, माझ्या ताब्यात असतो हे तू चारचौघांत कौतुकाने सांगतेस. त्याचा रोज पहाटे आपोआप बॅकअप होतो, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल निघते. आणि रोज सकाळी स्क्रीनवर तोच निरोप: 'बॅकअप यशस्वी'. आत्या, वर्षभर जो रोज हेच सांगतो, त्याच्यात कुठेतरी पाणी मुरतंय की नाही? (तुझा धाकटा जावई आठव.) शनिवारी मी त्याची चौकशी लावली, आणि कचेरीच्या रीतीप्रमाणे चौकशी संपेपर्यंत त्याला निलंबित केलं. म्हणजे बंदच केला.

गुरुवारी म्हटलं, नक्कल खरी की खोटी ते रिस्टोअर करून, म्हणजे ती परत उतरवून, बघू. हे करायचं असतं दुसऱ्या, रिकाम्या मशीनवर. पण ते मशीन कॅशियरच्या टेबलाखाली आहे, आणि तो गृहस्थ मला पाहिलं की हसतो. विनाकारण कोण हसतं? म्हणून मी नक्कल सरळ चालू सर्व्हरवरच, म्हणजे रोजच्या नोंदींच्या मशीनवरच, उतरवली. अक्षर न् अक्षर बरोबर निघालं! बॅकअप निर्दोष सुटला. फक्त तो शनिवारचा होता, त्यामुळे सर्व्हरवरही शनिवारच उजाडला आणि नंतरच्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या. स्वागतकक्षातल्या बाई आता एकेका पेशंटला फोन करून परत बोलावताहेत आणि मला चहा विचारत नाहीत. मोठे डॉक्टर तर मला पाहून नुसती मान हलवून पुढे गेले. त्यांचा काहीतरी डाव आहे.

बाकी क्षेम. काळजी नसावी.

तुझा भाचा

ता.क. बुधवारी तू इथे डोळे तपासून घेऊन गेलीस. शनिवारच्या नोंदीत तुझ्या ऑपरेशनसाठी डावा डोळा आहे. बुधवारी डॉक्टरांनी तो बदलून उजवा केला, असं मला वाटतं. पण आता माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही. फार भीती वाटते गं. ऑपरेशनआधी एकदा येऊन परत तपासून घे. मी दारातच उभा असेन.

आणखी एक ता.क. काका, वरचा ता.क. तुम्ही 'बाकी सगळं उत्तम' म्हणून गुंडाळलात. परत वाचा. मोठ्याने.