चौदा दिवस बिनमटणाचे

५ जानेवारी, सकाळी ९
संशोधनात निवड झाली. मेटाबोलोमिक्स. मटण, अंडी, दूध पोटात गेल्यावर शरीरात काय बनतं ते लघवीतून मोजतात. चौदा दिवस सगळं बंद, रोज सकाळची बाटली द्यायची. बायको सिंधू म्हणाली, चार दिवस टिकले तरी पेढे वाटीन. आता तिला दाखवतोच! फॉर्म भरला. घरात कोणाला शुगर? कोणालाच नाही. माझं घरात बारीक लक्ष असतं.

७ जानेवारी
मी नाही तर तिनंही नाही, असा नियम केला. वरण, वांगं. तिनं भात घेतला नाही. नखरे.

९ जानेवारी
संशोधक अदितीला सहज विचारलं, नुसता रस्सा कळतो का? म्हणाली, काका, सगळंच कळते.

१० जानेवारी, दुपारी
मित्र वामनराव वाडीच्या ढाब्यावर घेऊन गेले. झणझणीत सावजी मटण. रस्साच खाल्ला. फोडी चारच.
उपायही सापडला. सिंधूला सांगितलं, तुलनेसाठी उद्यापासून घरातल्या बाईचीही बाटली लागते. काही न विचारता हो म्हणाली. वर माझं नाव चिकटवीन. भोळी आहे बिचारी, मी आहे म्हणून निभतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाच्या लाडवाला नको म्हणाली. बळेच दोन खाऊ घातले. दुपारभर पडून होती. मी वाडीला.

१६ जानेवारी
धंतोलीला दवाखान्यात जाते म्हणाली. कोणाला तरी बघायला असेल. विचारलं नाही. बायकांना मोकळीक द्यावी.

१८ जानेवारी
चौदा दिवस पूर्ण! पेढे मीच आणले.

३ फेब्रुवारी
अदितीनं बोलावलं. म्हणाली, मटण कुठंच नाही, पण सातव्या दिवसापासून शुगरची गोळी दिसून राहिली. काका, ही बाटली कोणाची? मशीन बिघडलंय म्हणालो. मला काढून टाकलं.
घरी येऊन सिंधूला हसत हसत सांगितलं. तिनं तांदळाच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढली. म्हणाली, चार वर्षं झाले. तुम्हाले सांगितलं होतं, तुम्ही मॅच पाहून राहिले होते.
कोणती मॅच, ते काही आठवेना.

६ फेब्रुवारी
बाटली माझी होती, असं सिंधूनंच अदितीला फोन करून सांगितलं. शुगरवाल्यांच्या अभ्यासात अदितीनं तिला घेतलं. रस्ता चुकशील, सोबत येतो म्हणालो. म्हणाली, धंतोलीले एकटीच तर जातो मी.
तिनं भरलेला फॉर्म टेबलावर होता. घरी काळजी घेणारं कोण? कोणीच नाही.
अक्षर चांगलं आहे तिचं. आजच पाहिलं.